खुब्याचं फ्रॅक्चर: रॉड की बॉल? आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना पाच दिवस थांबायचं का?

तालुका_जीपी

नमस्कार. तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस आहे. ऑपरेशन शहरात होतं, पण नातेवाईक शंका घेऊन आमच्याकडेच येतात, म्हणून जाणकारांना विचारतोय.

पेशंट बाई, वय ७८, वजन ४६ किलो. मोरीत पाय घसरून उजव्या कुशीवर पडल्या. उजवा पाय आखूड आणि बाहेर वळलेला, इतका की पावलाची बाहेरची कड गादीला टेकतेय. पडायच्या आधी घरात-अंगणात काठीशिवाय फिरत होत्या, स्वयंपाक करत होत्या. तीन वर्षांपूर्वी सौम्य पक्षाघात झाला होता, तेव्हापासून क्लोपिडोग्रेल ७५ (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. स्टेंट नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी. एचबी ९.८, सोडियम १२७, पोटॅशियम ४.१, क्रिएटिनिन १.१, शुगर नॉर्मल, ईसीजीत विशेष काही नाही. एक्स-रेत इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या दोन उंचवट्यांच्या, म्हणजे मोठ्या ग्रेटर आणि छोट्या लेसर ट्रोकँटरच्या मध्ये), लेसर ट्रोकँटरचा तुकडा सुटा, बाहेरची भिंत पातळ वाटते.

ऑर्थो सर्जन पीएफएन (मांडीच्या हाडाच्या पोकळीत घालायचा रॉड) करू म्हणतात. शेजारच्या आजींचा मात्र ‘बॉल’ (खुब्याचा गोळा) बदलला होता आणि त्या तिसऱ्या दिवशी चालल्या, मग आमच्या आईला रॉड का, असं मुलगा विचारतोय. फिजिशियननी क्लोपिडोग्रेल बंद करून पाच दिवसांनी, शिवाय सोडियम १३५ झाल्यावर आणि टू-डी एको झाल्यावर फिटनेस देतो असं सांगितलंय. नात्यातले काही जण ‘या वयात ऑपरेशन नको, वजन बांधून सहा आठवडे झोपवा’ म्हणतायत. चौथी गोष्ट वेदनेची: शहरात जाईपर्यंत आम्ही इथे सुरक्षितपणे काय करू शकतो? डायक्लोफेनॅक टोचून पाठवायची इकडे पद्धत आहे.

---

अस्थि_आणि_सांधे

डॉक्टर, माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे नेमकं लिहिता येईल. मी ऑर्थोच्या बाजूचं लिहितो, भुलेचं त्यातले लोक सांगतील.

आधी एक्स-रे. मोडलेल्या खुब्याचा एकट्याचा फोटो पुरत नाही. पेल्व्हिसचा (कमरेच्या हाडांचा) समोरून असा फोटो हवा की दोन्ही खुबे आणि फेमरचा (मांडीच्या हाडाचा) वरचा एक-तृतीयांश भाग त्यात येईल. चांगल्या बाजूला फेमरची मान आणि दांडा (हाडाचा लांब भाग) यांच्यातला मूळ कोन किती आहे, कॅनाल (हाडातली पोकळी) किती रुंद आहे, हे त्यावरूनच कळतं आणि रॉडची जाडी व कोन त्यावर ठरतो. हा फोटो काढताना चांगला पाय १५ अंश आत वळवायला सांगा, नाहीतर फेमरची मान आखूड दिसते आणि कोन चुकीचा मोजला जातो. लॅटरलसाठी (बाजूने घेतलेल्या फोटोसाठी) क्रॉस-टेबल पद्धत: चांगला पाय वर धरायचा, मोडलेला जागचा हलवायचा नाही. बेडकासारखा पाय फाकवून घेतलेला लॅटरल फ्रॅक्चरमध्ये कधीच नको. वेदना कमी झाल्यावर पाय हलका ओढून आत वळवून आणखी एक समोरचा फोटो घेतला तर तुकडे सुटे दिसतात आणि फ्रॅक्चरची खरी रेषा उलगडते. एक फोटो फेमरचा गुडघ्यापर्यंत. तो राहून जातो, आणि मग दांड्याचा पुढचा बाक किंवा खाली आधीचा इम्प्लांट ऑपरेशन टेबलवर कळतो. बाक जास्त असेल तर सरळ रॉडचं टोक पुढच्या कॉर्टेक्सवर (हाडाच्या कठीण कवचावर) जाऊन टेकतं.

एक्स-रे नॉर्मल आहे पण पडल्यापासून पाय टेकवत नाही, अशा वृद्ध पेशंटला ‘मुका मार’ म्हणून घरी पाठवू नका. एमआरआय करा, आणि तो २४ तासांत होत नसेल तर सीटी.

आता रॉड की बॉल. हे वय किंवा पैसे बघून ठरत नाही, हाड कुठे मोडलं त्यावर ठरतं. फेमरच्या गोळ्याला रक्त मुख्यतः मेडियल सर्कमफ्लेक्स धमनीच्या फांद्यांतून मिळतं. या फांद्या मानेच्या बुडाशी सांध्याच्या कॅप्सूलमध्ये (आवरणात) शिरतात आणि मानेच्या पाठीमागून, वरच्या कडेने हाडाला चिकटून गोळ्यापर्यंत जातात. फ्रॅक्चर मानेत, म्हणजे कॅप्सूलच्या आत असेल आणि तुकडे सरकले असतील, तर या फांद्या तुटतात. मानेला जाड पेरिऑस्टियमही (हाडावरचा पापुद्रा) नाही, त्यामुळे बाहेरून कॅलस (तुकडे जोडणारं नवं हाड) बनत नाही. हाड न जुळणं आणि गोळा मरणं, दोन्ही धोके मोठे. म्हणून वृद्धांमध्ये सरकलेल्या मानेच्या फ्रॅक्चरला, म्हणजे गार्डन वर्गीकरणातल्या तीन आणि चारला, गोळा बदलतात. शेजारच्या आजींचं बहुधा हेच असणार. न सरकलेलं, म्हणजे गार्डन एक-दोन असेल तर वृद्धांमध्येही जागच्या जागी स्क्रू घालून भागतं. साठीच्या आतल्या पेशंटमध्ये सरकलेलं असलं तरी आधी जोडायचा प्रयत्न होतो.

तुमच्या पेशंटचं फ्रॅक्चर कॅप्सूलच्या बाहेर, दोन ट्रोकँटरच्या मधल्या भागात आहे. तिथे स्पंजी हाड भरपूर, रक्तपुरवठा उत्तम, गोळा जिवंत. साधारण १० ते १२ आठवड्यांत हाड जुळतं. इथे अडचण जुळण्याची नसते. जुळेपर्यंत हाड जागेवर धरून ठेवणं अवघड असतं. स्वतःचा जिवंत गोळा काढून टाकण्यात काही हशील नाही. शिवाय कॅलकार (मानेच्या बुडाशी आतल्या बाजूचं भक्कम हाड) आणि ग्रेटर ट्रोकँटर मोडलेलं असताना स्टेमला (बॉलच्या हाडात बसणाऱ्या खुंटाला) बसायला पक्की जागा राहत नाही: लांब स्टेम, ट्रोकँटरला तारा, जास्त वेळ, जास्त रक्तस्राव. मुलाला एवढं सांगा की आईच्या खुब्याचा गोळा चांगला आहे, तो वाचवायचाय, आणि रॉडवरही दुसऱ्याच दिवशी उभं करता येतं. सांधा आधीच पूर्ण झिजलेला असेल किंवा रॉड घालून फसला असेल, तरच या फ्रॅक्चरला बॉलचा विचार होतो.

डीएचएस (सरकता स्क्रू आणि प्लेट) का नाही, हेही विचारतील, कारण ते स्वस्त पडतं. डीएचएसमध्ये मोठा स्क्रू प्लेटच्या नळीत सरकतो आणि फ्रॅक्चर दाबलं जातं. ते सरकणं थांबवायला ट्रोकँटरची बाहेरची भिंत शाबूत लागते. तिची जाडी समोरच्या फोटोवर मोजता येते: ग्रेटर ट्रोकँटरच्या खालच्या उंचवट्यापासून ३ सेंमी खाली खूण करायची, तिथून १३५ अंशांत वर फ्रॅक्चरच्या रेषेपर्यंतचं अंतर घ्यायचं. ते २०.५ मिमीपेक्षा कमी असेल तर २०१८च्या एओ वर्गीकरणात फ्रॅक्चर ए-२ गटात, म्हणजे अस्थिर. अशा पातळ भिंतीत डीएचएसच्या स्क्रूसाठी मोठं भोक पाडलं की ती टेबलवरच फुटते, मग दांडा आतल्या बाजूला घसरतो आणि पाय आखूड होतो. रॉड कॅनालच्या आत असल्याने तो स्वतःच ही भिंत बनतो. फ्रॅक्चरची रेषा उलटी, म्हणजे आतून वर सुरू होऊन बाहेर खाली येणारी असेल तर डीएचएस नकोच. भिंत जाड आणि फ्रॅक्चर दोन तुकड्यांचं असेल तर मात्र डीएचएस आजही उत्तम आहे, तिथे उगाच महाग रॉड सांगू नये.

मानेच्या फ्रॅक्चरला कोणता बॉल, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण शेजारच्या आजींमुळे ओघात आलंच तर: वृद्धांमध्ये सिमेंट लावलेला स्टेम चांगला. २०२२च्या व्हाइट-५ चाचणीत सिमेंटच्या स्टेमभोवती नंतर हाड मोडण्याचं प्रमाण ०.५ टक्के होतं, बिनसिमेंटच्या आधुनिक स्टेमला २.१ टक्के. जुना ऑस्टिन मूर हा बिनसिमेंटचा आहे, तो सैल होऊन मांडी दुखते. पूर्ण सांधा बदलणं हे स्वतः हिंडणाऱ्या, डोक्याने जाग्या, बऱ्यापैकी तंदुरुस्त पेशंटसाठी.

वजन बांधून झोपवण्याबद्दल: सहा आठवड्यांत हे हाड जुळत नाही, दहा ते बारा लागतात. तेवढ्या काळात ४६ किलोच्या बाईंना त्रिकास्थीवर आणि टाचेला जखमा, न्यूमोनिया, पायात गुठळी, लघवीचा जंतुसंसर्ग, आणि शेवटी आखूड, बाहेर वळलेला पाय. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ऑपरेशन करूनसुद्धा वर्षभरात २० ते ३० टक्के वृद्ध दगावतात, हे नातेवाइकांपासून लपवू नका. पण तो धोका फ्रॅक्चरचा आणि अंथरुणाचा आहे. आधीपासून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटलाही कूस बदलताना, लघवी-संडासला उचलताना वेदना होऊ नयेत म्हणून रॉड घालणं योग्य ठरतं. आयुष्याचे शेवटचे दिवस मोजत असलेला पेशंट हा खरा अपवाद.

---

भूल_आणि_वेदना

क्लोपिडोग्रेलसाठी पाच दिवस थांबू नये. हे ठामपणे लिहितोय, कारण खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये टाळता येण्यासारखा उशीर बहुतेक वेळा याच कारणाने होतो.

क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला कायमचं निकामी करतं, आणि नवे प्लेटलेट पुरेसे तयार व्हायला ५ ते ७ दिवस लागतात. या काळात कण्यात सुई घालणं टाळतात, कारण मणक्याच्या कालव्यात रक्त साचून पाय लुळे पडू शकतात. म्हणजे अडचण कमरेतल्या सुईची आहे, ऑपरेशनची नाही. पूर्ण भूल आणि जोडीला नसेचा ब्लॉक देऊन दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करता येतं. रक्तस्राव थोडा जास्त होतो, तो धरून तयारी करायची. पूर्ण भूल म्हणजे वृद्धांना हमखास वाईट हाही समज सोडावा: २०२१च्या रीगेन चाचणीत स्पायनल (कमरेत सुई देऊन दिलेली भूल) आणि पूर्ण भूल यांत ६० दिवसांनी चालता येण्यात फरक दिसला नाही. ॲस्पिरिन एकटी असेल तर स्पायनलही चालतं. वॉरफरिनला व्हिटॅमिन के देऊन आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) १.५ च्या खाली आणायचा. ॲपिक्साबान, रिव्हरॉक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर किडनी बघून साधारण २४ ते ४८ तास थांबायचं. ताजा स्टेंट असेल तर क्लोपिडोग्रेल बंदच करायचं नाही, हृदयरोगतज्ज्ञांशी बोलायचं. तुमच्या पेशंटला तो प्रश्न नाही.

सोडियम १२७. भूलतज्ज्ञांच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत ऑपरेशन पुढे ढकलायला मान्य अशी मोजकीच कारणं आहेत: एचबी ८ च्या खाली, सोडियम १२० च्या खाली किंवा १५० च्या वर, पोटॅशियम २.८ च्या खाली किंवा ६ च्या वर, आटोक्यात नसलेली शुगर, हृदय निकामी होऊन फुफ्फुसात पाणी, १२० च्या वर ठोक्यांची दुरुस्त करता येणारी अनियमितता, सेप्सिससह छातीचा जंतुसंसर्ग, आणि दुरुस्त करता येणारा रक्त गोठण्यातला दोष. १२७ यात बसत नाही. इथे कारणही समोर आहे: बीपीच्या गोळीतलं थायझाइड. ती गोळी आजच बंद करा. जीभ कोरडी, लघवी कमी असेल तर नॉर्मल सलाइन द्या आणि दर ६ ते ८ तासांनी सोडियम बघा. २४ तासांत ८ मिलिमोलपेक्षा जास्त चढवू नका. घाईने १३५ गाठायला गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. टेल्मिसार्टन ऑपरेशनच्या सकाळी द्यायचं नाही, नाहीतर भूल दिल्यावर बीपी असं खाली जातं की औषधांनाही लवकर दाद देत नाही.

टू-डी एको: छातीत मर्मर ऐकू येत असून जोडीला चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं असेल, किंवा हृदय निकामी होण्याची चिन्हं असतील, तर करा, पण त्याच दिवशी, शक्यतो खाटेपाशी. ‘वय जास्त आहे म्हणून एको’ याने भूल बदलत नाही. एओर्टिक झडप अरुंद निघाली तरी ऑपरेशन रद्द होत नाही. आम्ही धमनीत नळी घालून बीपी सतत बघत भूल देतो, एवढाच फरक.

किती घाई? २०२०च्या हिप अटॅक चाचणीत २,९७० पेशंट होते, भारतातलेही. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत, दुसऱ्याचं २४ तासांत. ९० दिवसांतले मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे त्यात फरक नाही. लवकर केलेल्यांमध्ये भ्रमिष्टपणा आणि लघवीचा संसर्ग कमी. लक्षात घ्या, यातला ‘उशिराचा’ गट २४ तासांचा आहे. भरती झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, हे ध्येय ठेवावं.

आता तुमच्या हातातलं. डायक्लोफेनॅक देऊ नका, किडनीला सोसणार नाही. ७८ वर्षं, ४६ किलो, क्रिएटिनिन १.१: कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते ते) येतो (१४० वजा ७८) गुणिले ४६, भागिले (७२ गुणिले १.१), गुणिले ०.८५, म्हणजे ३१ च्या आसपास. रिपोर्टवर क्रिएटिनिन नॉर्मल छापून आलंय, किडनी मात्र निम्म्याहून कमी काम करतेय. पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ दर सहा तासांनी द्या, या वजनाला ते बसतं. ट्रामाडॉल टाळा: मळमळ, भ्रम, आणि सोडियम आणखी खाली. फेनिरामाइन, प्रोमेथाझिन, डायझेपाम झोपेसाठी देऊ नका.

सर्वांत उपयोगी म्हणजे फॅशिया इलियाका ब्लॉक (जांघेजवळ इंजेक्शन देऊन मांडीच्या नसा बधिर करणं), तोही ज्याने शिकून केलाय त्यानेच. बुपिव्हॅकेन ०.५ टक्के १५ मिली आणि सलाइन १५ मिली, मिळून ०.२५ टक्क्याचे ३० मिली, म्हणजे ७५ मिग्रॅ. ४६ किलोला २ मिग्रॅ प्रतिकिलोच्या हिशेबाने कमाल ९२, त्यामुळे हे आत बसतं. कुपी नीट वाचा: ‘हेवी’ ही स्पायनलची असते, इथे प्लेन हवी. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून प्युबिक ट्युबरकलपर्यंत रेषा कल्पून तिचे तीन भाग करा. बाहेरचा आणि मधला भाग जिथे मिळतात त्या बिंदूच्या खाली १ सेंमीवर सुई, दोनदा ‘टक्’ जाणवतं. धमनी त्याच्या आतल्या बाजूला असते, ती बोटाने ओळखून लांब राहायचं. दर ५ मिलीला मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं. सोनोग्राफी असेल तर ती वापरावीच. मॉनिटर, ऑक्सिजन आणि २० टक्के लिपिड इमल्शन (बधिरीचं औषध रक्तात गेलं तर त्याचा उतारा) जवळ नसेल तर ब्लॉक देऊ नका, पॅरासिटामॉलवर आणि पाय नीट आधाराने ठेवून पाठवा. क्लोपिडोग्रेल चालू असताना हा ब्लॉक चालतो, कारण जागा वरवरची आहे, दाबून धरता येते.

प्रवासासाठी कातडीचं ट्रॅक्शन (पट्टी चिकटवून पाय ओढून धरणं) लावलंच पाहिजे असं नाही. ऑपरेशनपूर्वी त्याने वेदना कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वृद्धांची पातळ त्वचा चिकटपट्टीने सोलते, आणि गुडघ्याखाली बाहेरून आवळलं तर पेरोनियल नस दबून पाऊल लुळं पडतं. दोन्ही मांड्यांच्या मध्ये उशी, गुडघ्याखाली हलका आधार, टाच अधांतरी. उपाशी ठेवण्याचा अतिरेकही टाळा: घन आहार ६ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. ‘रात्री बारानंतर काही नको’ सांगितलं आणि नंबर दुपारी चारला लागला, तर तुमचे सोडियमचे सगळे कष्ट वाया.

रक्ताच्या दोन पिशव्या जुळवून ठेवायला सांगा. या फ्रॅक्चरमध्ये मांडीत अर्धा-एक लिटर रक्त न दिसता जिरतं. पडल्यावर लगेच केलेला ९.८ हा आकडा सलाइननंतर आठ-साडेआठवर आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

---

तालुका_जीपी

दोघांचेही आभार. क्लिअरन्सचा हिशेब केला नव्हता, डोळे उघडले. फिजिशियनशी आजच बोलतो.

पुढचा प्रश्न: टाके काढायला आणि पुढच्या तपासणीला पेशंट आमच्याकडे येतात. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत रॉड ‘बरोबर बसलाय’ हे आम्ही कसं ओळखावं? कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच सर्जनकडे पाठवावं? आणि पाय कधी टेकवायचा, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

अस्थि_आणि_सांधे

तीन गोष्टी बघा.

पहिली, हाड कसं जुळवलंय. रॉड फ्रॅक्चर जुळवत नाही, जुळवलेलं धरून ठेवतो. समोरच्या फोटोत ग्रेटर ट्रोकँटरचं टोक आणि गोळ्याचा मध्य साधारण एका पातळीत हवेत. गोळा टोकाच्या खाली उतरलेला दिसला तर ते व्हॅरस, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तेच. रॉडचं भोक ट्रोकँटरच्या टोकाच्या बाहेर पाडलं की रॉड आत शिरताना पाचरीसारखा दोन तुकड्यांना फाकवतो आणि व्हॅरस तयार होतं. म्हणून प्रवेश टोकावर किंवा किंचित आत घेतात. लॅटरलमध्ये दांडा मागे लोंबलेला नसावा.

दुसरी, स्क्रूची जागा. टिप-अपेक्स अंतर, बाउमगार्टनरनी १९९५ साली मांडलेलं, हे मोजायला पट्टी पुरते. समोरच्या फोटोत गोळ्याच्या शिखरापासून स्क्रूच्या टोकापर्यंतचं अंतर, लॅटरलमध्ये तेच, दोन्हींची बेरीज. फोटो मोठा छापला जातो, म्हणून दुरुस्ती हवी. उदाहरण: स्क्रू खरा ८ मिमी जाडीचा आहे आणि फोटोत १० मिमी दिसतोय. समोर १४ मिमी, लॅटरलला १६ मिमी, बेरीज ३०. ती ८ भागिले १० ने गुणली की खरं अंतर २४ मिमी. २५ च्या आत, ठीक. दोन फोटोंतलं मोठेपण वेगळं असेल तर प्रत्येक अंतर वेगळं दुरुस्त करून मग बेरीज. स्क्रूची जाडी ऑपरेशन नोटमधल्या इम्प्लांटच्या स्टिकरवर असते, डिस्चार्ज कार्डावर ती मागून घ्या. एक सूचना: दोन स्क्रूंच्या पीएफएनमध्ये खालचा मोठा स्क्रू मुद्दाम कॅलकारच्या जवळून नेतात, त्यामुळे समोरच्या फोटोत तो शिखरापासून दूरच दिसतो आणि बेरीज २५ च्या थोडी वर जाते. केवळ त्या आकड्यावरून पेशंटला घाबरवू नका. लॅटरलमध्ये मात्र स्क्रू मध्यावरच हवा.

तिसरी, दोन स्क्रूंची लांबी. वरचा बारीक स्क्रू गोळा फिरू नये एवढ्यासाठी असतो, तो खालच्यापेक्षा साधारण १० मिमी आखूड हवा. तो लांब असला तर भार त्याच्यावर येतो. मग झेड इफेक्ट: वरचा स्क्रू आत सरकून गोळा भेदतो, खालचा बाहेर निसटतो. कधी उलटही होतं.

सहा आणि बारा आठवड्यांना दोन्ही फोटो घ्या, आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघा. स्क्रू बाहेर थोडा सरकलाय पण कोन तोच आहे, पेशंटला वेदना कमी होतायत, तर ते अपेक्षित दाबलं जाणं आहे. कोन कमी झालाय, स्क्रूचं टोक गोळ्याच्या कडेकडे जातंय, किंवा आधी चालणारा पेशंट चौथ्या-पाचव्या आठवड्यात जांघेत दुखतंय म्हणून बसलाय, तर त्याच दिवशी पाठवा. गोळा फोडून स्क्रू सांध्यात गेला की वाटीही खरवडली जाते आणि मग बॉलवर भागत नाही, पूर्ण सांधा लागतो. दोन आठवड्यांनंतरही जखमेतून स्राव चालू असेल तर अँटिबायोटिक बदलत बसू नका, सर्जनला दाखवा.

---

फिजिओ_नाशिक

पाय टेकवण्याबद्दल. सर्जननी लेखी मनाई केली नसेल तर दुसऱ्याच दिवशी, सोसेल तेवढं पूर्ण वजन. ‘नुसता अंगठा टेकवा’ हे ७८ वर्षांच्या बाईंना जमतही नाही: हातांत तेवढी ताकद नसते, आणि पाय अधांतरी धरायला खुब्याचे स्नायू आवळले जातात, त्यानेच सांध्यावर बराच भार येतो. वेदनेमुळे पेशंट आपोआपच कमी वजन टाकतो आणि आठवड्यागणिक वाढवत नेतो.

पहिल्या दिवशी खाटेच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसवणं, बीपी बघून वॉकर धरून उभं करणं. उभं केल्याबरोबर चक्कर आली तर झोपवा, एचबी आणि बीपीच्या गोळ्या तपासा. घोट्याची वर-खाली हालचाल जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा. मांडीचा स्नायू आवळून पाच सेकंद धरणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम चार ते सहा आठवड्यांनी, कारण रॉड ग्लुटियस मीडियसच्या (खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूच्या) जवळून आत जातो आणि त्या स्नायूला सावरायला वेळ लागतो. तोपर्यंत चालताना कंबर एका बाजूला पडते, ते बघून घरचे घाबरतात.

वॉकरची उंची: हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वॉकरचे रबरी बूट झिजले की ओल्या फरशीवर तो सटकतो, महिन्यातून एकदा उलटा करून बघा.

मांडी घालणं आणि भारतीय संडास, हा प्रत्येक घरातला प्रश्न. रॉड असेल तर सांधा निखळायची भीती नाही. दुखणं परवानगी देईल तसं, साधारण तीन महिन्यांनी हाड जुळलेलं दिसल्यावर, जमिनीवर बसता येतं. बॉल बदलला असेल आणि तो मागच्या बाजूने घातला असेल तर नियम वेगळे: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय मध्यरेषेपलीकडे न्यायचा नाही, आत वळवायचा नाही. शेजारणीचं ऐकून एकीने दुसरीचे नियम पाळू नयेत. तीन महिने तरी दोघींनाही कमोड खुर्ची बरी, बैठक गुडघ्याच्या पातळीला किंवा दोन इंच वर. मोरीत बसायला प्लास्टिकची पक्की खुर्ची, भिंतीला स्क्रूने बसवलेला दांडा, रात्री खाट ते संडास वाटेवर दिवा, आणि सैल चपलांऐवजी मागे पट्टा असलेली पादत्राणं.

पाय सेंटिमीटरभर आखूड राहिला तर काही करावं लागत नाही. दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर चपलेला उंची द्या, नाहीतर कंबर धरते.

---

हाडांची_घनता

ऑस्टिओपोरोसिसचा (हाडं ठिसूळ होण्याचा) उपचार डिस्चार्ज कार्डावर हमखास सुटतो, म्हणून लिहितोय. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, एवढ्यावर निदान झालं, डेक्सासाठी (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी) थांबायची गरज नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी, पीटीएच, टीएसएच करा. एचबी कमी, ईएसआर खूप जास्त असेल तर मायलोमासाठी (अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी) प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही.

झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिग्रॅ वर्षातून एकदा, हे खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर सर्वांत भक्कम पुरावा असलेलं औषध. २००७च्या चाचणीत ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत सुरू केल्यावर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. हाड जुळण्यात अडथळा येत नाही. पण क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल तर ते द्यायचं नाही, अलेंड्रोनेटही नाही. तुमच्या पेशंटचा ३१ आहे. पाणी कमी पडल्याने तो खाली आला असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करा. ३५ च्या वर आला तर झोलेड्रॉनिक द्या, तेही व्हिटॅमिन डी भरून काढल्यावर: ६०,००० युनिट आठवड्याला एकदा, आठ आठवडे, सोबत रोजचं कॅल्शियम. पहिल्या इंजेक्शननंतर दोन दिवस ताप-अंगदुखी येते, पॅरासिटामॉल पुरतं, आधी सांगून ठेवा.

खालीच राहिला तर डेनोसुमॅब ६० मिग्रॅ कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. किडनी मंद असलेल्यांत यानंतर कॅल्शियम घसरतं, म्हणून आधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम नॉर्मल असल्याची खात्री, आणि इंजेक्शननंतर दहा दिवसांनी कॅल्शियम पुन्हा. हे औषध मधेच सोडता येत नाही. डोस सातव्या महिन्याच्या पुढे गेला की हाडाची झीज उसळी मारते आणि मणके एकामागोमाग दबतात. त्यामुळे पुढच्या इंजेक्शनची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलाच्या फोनमध्येही टाकून द्या.